वीस वजा करून

२६ ऑगस्ट २०२५, मंगळवार

ही वही खताच्या दुकानातून गेल्या दिवाळीला मिळालेली. दहा महिने कोरी होती, आता कामाला लागली. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, बाईंचं प्रेशर रोज संध्याकाळी मोजा आणि लिहून ठेवा. मी म्हटलं, साहेब, नुसते आकडे काऊन, सगळंच लिहितो. मी बंडूजी, मुक्काम पवनार, मॅट्रिक पास, आणि हातात घेतलेलं काम मी अर्धवट सोडत नाही हे गावात कोणालाही विचारा. शुद्ध लिहायचा प्रयत्न करीन. राग आला तर आपली भाषा येईल, त्याले इलाज नाही.

काय झालं ते आधी लिहितो. शनिवारी, तान्ह्या पोळ्याला, कुंता वर्ध्याच्या बाजारात भाजी विकता विकता कलंडली. हातातली मेथीची जुडी गळून पडली, तोंड वाकडं झालं, शब्द नीट फुटेना. शेजारी बसणाऱ्या प्रमिलाबाईने तिला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं आणि मला फोन केला. मी पोचेपर्यंत तोंड सरळ झालं होतं. प्रेशर एकशे नव्वद. डॉक्टर म्हणाले, हा लकव्याचा इशारा आहे, यावेळी सुटल्या, प्रेशर ताब्यात आलं नाही तर पुढच्या वेळी सुटतीलच असं नाही. दोन गोळ्या दिल्या, एक प्रेशरची, एक रक्त पातळ ठेवायची. दोन्ही रोज सकाळी, जेवणानंतर.

उजव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत. ज्या हाताने ही बाई सत्तावीस वर्षं जुड्या बांधत आली, तोच हात.

घरी आल्याबरोबर मी हुकूम काढला. बाजार बंद, वावर बंद, जड काम बंद, घरात राणीसारखी बस. कुंता काही बोलली नाही. तिला पटलं असं मी समजतो.

२८ ऑगस्ट, गुरुवार

आमची उज्वला हिंगणघाटला दिलेली आहे. तिने जावयाच्या हाती प्रेशरचं मशीन पाठवलं. दंडाला पट्टा गुंडाळायचा, बटण दाबायचं, पट्टा फुगतो आणि आकडा येतो. कोणतंही अवजार आधी स्वतः वापरून पाहावं, म्हणून पट्टा माझ्या दंडाला लावला. एकशे बासष्ट. मला हसूच आलं. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात मी एक दिवस आजारी म्हणून झोपलो नाही. मशीन वीसने जास्त दाखवतं, निदान माझ्या दंडावर तरी. तेव्हा माझं मोजलं की वीस वजा करायचे असं ठरवून टाकलं. कुंताचं मात्र जसं येईल तसंच लिहायचं, कारण आजारी ती आहे.

कुंता : एकशे बाहत्तर. खालचा आकडाही असतो, पण तो मला अजून नीट समजला नाही.

आजपासून तिने गुरुवार धरला. सोमवार श्रावणात होताच, तोही पुढे चालू ठेवणार म्हणे. मी म्हटलं छानच, तेवढंच पोटात मीठ कमी. मी पहाटे बाजाराला निघतो तेव्हा दोन्ही गोळ्या स्टीलच्या डबीत काढून तिच्या ताटाशेजारी ठेवतो आणि वहीत बरोबरची खूण करतो. आजची खूण केली.

३० ऑगस्ट, शनिवार

पिकवणं माझं आणि विकणं तिचं, असं आमचं पहिल्यापासून ठरलेलं. मला नेहमी वाटायचं, खरं काम वावरातलं, विकायला काय लागतं, टोपलं मांडून बसायचं. आज चौथा दिवस मी कुंताच्या जागेवर बसतो. लोक येतात, भाजीकडे पाहतच नाहीत, मलाच विचारतात, बाई कुठं आहे. पन्नास वेळा सांगितलं की घरी आहे. पुंडलिकराव म्हणून एक रिटायर गुरुजी आहेत, काठी टेकत आले, माझ्या पालकाची जुडी उलटीपालटी करून पाहिली आणि ठेवून दिली. काय वाईट आहे विचारलं तर म्हणाले, वाईट नाही, पण कुंताबाईच्या जुडीत देठ एका उंचीचे असतात, निवडायला बायकोला सोपं जातं. अन् निघून गेले.

डोकं असं ठणकलं की काय सांगू. मानेपासून वर ठणका चढतो. उन्हाचं असेल. भाजी बरीच परत आणली, गाईला घातली. कुंता जेवण वाढता वाढता विचारत होती, गुरुजी आलते का, त्यायची शुगर किती निघाली. मी म्हटलं, मी भाजी विकायला गेलतो का शुगर मोजायला.

३ सप्टेंबर, बुधवार

एकशे अठ्ठेचाळीस! पहिल्यांदाच दीडशेच्या खाली. ही माझ्या अळणी वरणाची कमाल आहे. आठ दिवसांपासून स्वयंपाकघराचा ताबा माझ्याकडे आहे. मिठाचा डबा मी वरच्या फळीवर ठेवला. लोणच्याची बरणी तिच्या डोळ्यासमोर नको म्हणून रोज थोडं थोडं मीच बाजाराच्या डब्यात नेतो, एवढं चांगलं लोणचं टाकून कसं देणार.

प्रमिलाबाई आज संध्याकाळी आली होती. दोघी ओसरीवर बसून सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होत्या. कुंताची बोटं नीट चालत नाहीत, पण बांधत होती, आणि हसण्याचा आवाज मला गोठ्यापर्यंत येत होता. कोणाच्या सुनेचे दिवस भरले, कोणाचं जमलं, कोणाचं मोडलं, सगळा बाजार ओसरीवर. आजाऱ्याजवळ इतकं बोलणं चांगलं नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

एकशे सत्तर. इतकं करून पुन्हा वर! गोळी दिलेली आहे, खूण केलेली आहे, आज तर तिने मीठ चाखलंही नाही, उपास होता. मी पट्टा बांधताना नीट समजावून सांगितलं, की मशीन लावलं की घाबरायचं नाही, घाबरलं की वाढतं, आणि वाढलं की लकवा होतो. तिने मान हलवली. पुन्हा मोजलं तर एकशे शहात्तर. काय करावं या बाईचं.

माझं एकशे अडुसष्ट. वीस वजा करून एकशे अठ्ठेचाळीस.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज प्रमिलाबाईला सरळ सांगून टाकलं. म्हटलं, सोमवारपासून नवरात्र आहे, तेवढे दिवस नका येऊ, तिले आराम पाहिजे. तिने पिशवी उचलली. मग म्हणाली, भाऊजी, तुमची मर्जी. बाई स्वभावाने वाईट नाही, पण कोणीतरी कडक झालं पाहिजे.

कुंता आता दिवसभर खिडकीशी बसते. सकाळची वर्ध्याची बस गेली की उठून आत येते. मी विचारलं, काय पाहतं तिथं. म्हणे, काही नाई.

२४ सप्टेंबर, बुधवार

एकशे अठ्ठ्याहत्तर. नवरात्राचे सगळे दिवस धरलेत तिने, यंदा दहा आलेत. भगर, शेंगदाणे, दूध, बस. प्रेशर वाढायचं कारण मला सापडलं : देवीच्या मंडपाचा भोंगा. मी स्वतः जाऊन मंडळाच्या पोरांना असा दम दिला की माझाच आवाज बसला आणि घाम फुटला. भोंग्याचं तोंड त्यांनी नदीकडे फिरवलं. माझ्या शब्दाला गावात अजून वजन आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार

एकशे अठ्ठ्याऐंशी.

संध्याकाळी दिवा लावताना तिच्या हातून काडीपेटी पडली. उचलायला गेली तर बोटांत धरेना. मी धावत गेलो. तोंड पाहिलं, सरळ होतं. बोलून पाहा म्हटलं, तर म्हणाली, काय बोलू. थोड्या वेळाने बोटं वळायला लागली.

मले भेव लागलं. इथं लिहितो, कारण दुसरीकडं कुठं सांगू. मी मीठ बंद केलं, काम बंद केलं, लोकांचं येणं-जाणं बंद केलं, आता अजून काय बंद करू? एवढं केल्यावर वांग्याचं झाडसुद्धा उभं राहिलं असतं. ही काऊन नाई राहून राहिली? उद्या दसरा आहे, आरोग्य उपकेंद्र बंद. परवा सकाळी पहिलं काम तेच.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आजचं सगळं लिहितो, लाज वाटली तरी.

गावातल्या उपकेंद्रात जागृती मॅडम नर्स आहेत. वडनेरची पोरगी, आमच्या उज्वलापेक्षा लहान, पण घाई नाही तिला. मी कुंताला आणि वही घेऊन गेलो होतो. वही काही मी कोणाच्या हातात देणार नाही, म्हणून आकडे वाचून दाखवले. रोज मोजलं, एक दिवस चुकवला नाही, हेही सांगितलं. त्यांनी माझं कौतुक केलं. मग म्हणाल्या, काका, ज्या दिवशी एकशे साठच्या वर गेलं तेवढेच वाचा, वारासकट. मी वाचत गेलो. गुरुवार. सोमवार. गुरुवार. सोमवार. नवरात्र पूर्ण. वाचता वाचता माझाच आवाज बारीक होत गेला.

मॅडमने कुंताला विचारलं, मावशी, उपासाच्या दिवशी गोळ्या केव्हा घेता? कुंता म्हणाली, पाकिटावर जेवणानंतर लिहिलं आहे, अन् उपासाला जेवण कुठं असते? हे तिने इतकं सहज सांगितलं की जणू आम्हीच खुळे. मग पिशवीतून कुंकवाची रिकामी डबी काढली आणि टेबलावर उपडी केली. छत्तीस गोळ्या. अठरा दिवसांच्या. टाकायच्या कशा, महागाची वस्तू, म्हणून जपून ठेवलेल्या. आणि माझ्या वहीत अठरा दिवसांपुढे बरोबरची खूण.

मी तिथंच चढलो. म्हटलं, पोटात अन्न नाई तं गोळी नाई, हे कोणं शिकवलं तुले? अन् एवढे उपास कायले पाहिजे होते? मॅडमने मला हाताने थांबवलं आणि तेच तिला शांतपणे विचारलं.

कुंताने पदराचं टोक पिळलं आणि हाताने मला दाखवलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मायी माय तीन वर्सं बाजेवर पडून होती, लकव्यानं. वयनीनं सारं काढलं, पण तोंड वाकडं करू करू. यायले मायं हागणं-मुतणं काढा लागू नये, म्हून धरले उपास."

चाळीस वर्षांच्या संसारात तिच्या आईचं हे मला माहीत होतं, पण ते तिच्या डोक्यात रोज फिरतं आहे हे माहीत नव्हतं. आणि मी रोज पट्टा बांधताना तिला सांगायचो, घाबरू नको, नाहीतर लकवा होतो.

मॅडमने मग विचारलं, दिवसभर काय करता, कोण येतं-जातं. कुंता म्हणाली, कोणी येत नाई आता. बस्स, एवढंच. माझ्याविरुद्ध एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मॅडमने जे सांगितलं ते थोडक्यात लिहितो. गोळी नसेवर काम करते आणि ती चुकवायची नाही, उपास असो नाहीतर लग्न असो. मीठ कमी ठेवलं ते बरोबर. पण नस काही एकटी नसते. घाबरलेल्या माणसाचं प्रेशर वाढतं, एकट्या पडलेल्या माणसाचं वाढतं, आणि ज्याचं काम हातातून गेलं त्याचंही वाढतं. मी म्हटलं, समजलं, मॅडम. वांग्याचं झाड सुकलं तर नुसतं खत घालून चालत नाही, मूळ पाहावं लागतं, पाणी पाहावं लागतं, झाड सावलीत तर पडलं नाही ना हेही पाहावं लागतं. मॅडम हसल्या. त्यांनाही ते माझ्यामुळे नीट समजलं असावं.

ठरलं असं : गोळ्या रोज. नेहमीच्या बायका घरी येणार. आणि सलग महिनाभर एकशे चाळीसच्या आत राहिलं तर कुंता बाजारात, पण ओझं उचलायचं नाही. हे ऐकून कुंताने मान वर केली. किती दिवसांनी.

५ ऑक्टोबर, रविवार

कुंताला मॅडमचं पटलं, पण मनातून जाईना. गोळी घेतली आणि उपास मोडला तर? मी तिला देवळात अण्णाजींकडे घेऊन गेलो. पोथी तेच वाचतात, गावात उपासाच्या बाबतीत त्यांच्यावर कोणी नाही. त्यांनी खिशातून पाकीट काढून दाखवलं. म्हणाले, "वीस वर्सं झाले, सोमवारी शुगरची गोळी घेऊन राह्यलो. देव अजून काही बोलला नाई."

येताना प्रमिलाबाईच्या दारात थांबलो. म्हटलं, उद्यापासून येजा, जुड्या पडल्या आहेत. ती म्हणाली, भाऊजी, हे तुमीच सांगून राह्यले ना? मी म्हटलं हाव. एवढंच बोललो, पण बोललो.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सोमवार, उपास, भगरीनंतर दोन्ही गोळ्या माझ्यासमोर. उपासालाही एकशे अडतीस! तीनदा मोजलं. पट्टा बांधताना आता मी काही समजावत नाही. आज तिला विचारलं की सांबार यंदा कसा आला आहे, तर सांगत बसली आणि मशीन वाजून बंदही झालं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज मी गोठ्यात न जाता ओसरीवर बसून पाहिलं. कुंता काड्या उजव्या मुठीत घेते, देठ जमिनीवर एकदा ठोकते, वाकाच्या दोरीचा वेढा देते, की जुडी तयार. बोटं अजून थोडी अडखळतात. ती त्यांच्याकडे पाहते, थांबते, पुन्हा करते. मी तिच्या पाच जुड्या गुपचूप वजनकाट्यावर ठेवल्या. एकीत आणि दुसरीत काट्याने फरक दाखवला नाही. सत्तावीस वर्षं ही मूठ माझ्या घरात जुड्या बांधते आहे आणि मी आज पाहिली. इथं लिहून ठेवतो, की असा हात पंचक्रोशीत दुसऱ्या कोणाचा नाही, आणि तो माझ्या बायकोचा आहे.

माझं एकशे सत्तर. वीस वजा करून दीडशे. बाजाराची दगदग आहे, थोडं होणारच. कुंताला सांगत नाही, उगीच काळजी.

८ नोव्हेंबर, शनिवार

महिना भरला. एकशे चौतीस, एकशे अडतीस, एकशे बत्तीस, एकदाही चाळीसच्या वर नाही. काल मॅडमने परवानगी दिली. आज पहाटेच्या बसने आम्ही दोघं वर्ध्याला गेलो. टोपली मी वाहिली, ती स्टूल घेऊन मागे.

प्रमिलाबाईने तिची जागा झाडून ठेवली होती. कुंता बसली आणि बाजार नुसता तिच्याभोवती गोळा झाला. कोणी बोटं दाबून पाहते, कोणी ओरडते की फोन काऊन नाही केला. ती एकेकीला विचारते, सून बाळंत झाली का, शेपू नेजो तिच्यासाठी. गुरुजी काठी टेकत आले. पालकाची जुडी हातात घेतली, देठ पाहिले आणि दोन जुड्या पिशवीत टाकल्या. कुंताने त्यांना बसवलं, शुगर विचारली, गोळी रोज घेता ना विचारलं. उपासालाही घ्यायची बरं, म्हणाली, मी चुकली होती, तुमी नका चुकू. भर बाजारात स्वतःची चूक अशी सांगायला छाती लागते. माझ्यात नाही ती.

मी मागे बसून जुड्या बांधत होतो. ती माझ्या सोडून पुन्हा बांधत होती. एका नव्या बाईने विचारलं, हे कोण. मी खाली मान घातली, म्हटलं आता म्हणणार की मदतीला आणले. कुंता म्हणाली, "हे आमचे मालक. भाजी यायच्या हातची आहे. पवनारात असं वावर कोणाचं नाई." तर गुरुजी म्हणतात, अच्छा, मी इतके दिवस गडी समजत होतो, हेच का ते बंडूजी, ज्यांच्या वांग्यात कीड निघत नाही? पलीकडची एक म्हणाली, हेच का, जे थंडीत उठून सांबारावर पाणी मारतात? सगळ्यांना माझं सगळं माहीत. सत्तावीस वर्षं ही बाई इथं बसून माझं कौतुक सांगत होती, आणि मी दोन महिने त्याच जागेवर बसून तिच्याबद्दल एक चांगला शब्द कोणाला सांगितला नाही.

घरी आल्यावर मोजलं. एकशे तीस. इतक्या गर्दीतून येऊन एकशे तीस. मी जिंकलो असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. ती जिंकली. माझी छाती भरून आली आहे, आणि मानेचा ठणका सोडला तर आजच्यासारखा दिवस नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

मी कुंता लिहून राहिली. तुमी दुपारचे झोपले हा. वही खिडकीत उघडी होती. सारी वाचली, दोन तास लागले, अक्षर खराब आहे तुमचं.

झोपेत तुमच्या दंडाले पट्टा लावला. जागे नाई झाले, इतके थकले हा तुमी. एकशे बाहत्तर. मी वीस वजा नाई केले. मशीन आपल्या दोघायले सारखंच मोजते. लोणच्याची बरणी प्रमिलाबाईले देऊन आली.

मायी मूठ काट्यावर मोजली ते वाचलं. तोंडानं कधी बोलले नाई तुमी. एकडाव बोलून पाहजा, बाजारात नाई तं घरात.

उद्या सोमवार. बाजारातून आल्यावर दोघंबी जागृती मॅडमकडं जाऊ. नाई म्हणान तं बाजार बंद, वावर बंद, अन् घरात राजासारखं बसा.